तोतयाचा भ्रम : मनोविकृतिरोधक औषधे आणि वैद्याचे कर्तव्य

‘चेहरा तोच, आवाज तोच, हनुवटीवरील तीळसुद्धा तोच, परंतु ही माझी पत्नी नव्हे. तिच्या रूपात दुसरीच कोणी स्त्री घरात वावरत आहे.’ अशी ठाम धारणा बाळगणारा रुग्ण आपल्या चिकित्सालयात वारंवार येत नाही. आणि आला तरी ही गोष्ट तो आपण होऊन सांगत नाही. तो निद्रानाश सांगतो, अरुची सांगतो, डोके जड झाल्याचे सांगतो. नातेवाईक ‘हल्ली फार चिडतात, घरात कोणाशी बोलत नाहीत’ एवढेच सांगतात. घरातील कलह किंवा पित्तप्रकोप समजून चिकित्सा सुरू होते आणि मूळ व्याधी तसाच आत राहतो. ग्रामीण व निमशहरी भागात असा रुग्ण मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी बहुधा वैद्याकडे येतो. म्हणून हा विषय आपल्या सर्वांच्या नित्य व्यवहाराचा आहे.

या भ्रमाचे स्वरूप काय, त्यावर दिली जाणारी अँटिसायकॉटिक म्हणजे मनोविकृतिरोधक औषधे नेमके काय साधतात, आणि ती औषधे चालू असलेला रुग्ण आयुर्वेदीय चिकित्सेसाठी आला असता आपल्या कोणत्या द्रव्यांपासून व कर्मांपासून त्याला अपाय संभवतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. यांतील शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याविषयी आपल्यात फारसे बोलले जात नाही.

तोतयाविना तोतया

मराठी भाषेला या संकल्पनेसाठी शब्द शोधावा लागत नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने वावरलेल्या तोतयाचे प्रकरण पेशवाईत अनेक वर्षे गाजले आणि १७७६ साली त्याच्या देहदंडाने संपले. तेथे तोतया खरोखर होता व लोकांची दिशाभूल झाली होती. येथे विचार करावयाच्या विकारात तोतया नसतोच. समोर खरीच व्यक्ती उभी असते आणि रुग्णालाच ती तोतया वाटते.

पॅरिसमधील मनोविकारतज्ज्ञ जोसेफ काप्ग्रा व त्यांचे सहकारी रेबूल-लाशो यांनी १९२३ साली अशा एका ५३ वर्षांच्या स्त्रीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. आपला पती व आपली मुले यांच्या जागी हुबेहूब तशीच दिसणारी दुसरी माणसे आणून ठेवली आहेत, अशी तिची खात्री होती. काप्ग्रांनी या लक्षणाला जे नाव दिले त्यातील ‘सोझी’ हा फ्रेंच शब्द प्लॉटस या प्राचीन रोमन नाटककाराच्या एका पात्रावरून आलेला आहे. त्या नाटकात मर्क्युरी हा देव सोसिया नावाच्या सेवकाचे रूप धारण करतो. आपल्याकडे दमयंतीच्या स्वयंवरात चार देव नलाचे रूप घेऊन बसले होते, त्या कथेची आठवण यावी असा हा प्रसंग आहे. मात्र दमयंतीला पाचांतून खरा नल ओळखता आला, कारण तिची बुद्धी खुणा पारखू शकत होती. आपल्या रुग्णाची अडचण नेमकी तेथेच आहे. त्याच्यापुढे कितीही खुणा ठेवल्या तरी ‘तोतयाने त्याही शिकून घेतल्या आहेत’ असे उत्तर तयार असते.

पुढे या विकाराला ‘काप्ग्रा लक्षणसमूह’ हे नाव रूढ झाले. भ्रमाचा विषय बहुधा अगदी निकटची व्यक्ती असते: पती, पत्नी, आई, वडील, मूल. क्वचित घर, पाळलेले जनावर किंवा नित्य वापरातील वस्तूही बदलली आहे असे रुग्णास वाटते.

ओळख पटते, आपलेपणा पटत नाही

रुग्णाची दृष्टी किंवा स्मृती बिघडलेली असावी, हा पहिला तर्क येथे लागू पडत नाही. ‘ही कोणासारखी दिसते?’ असे विचारल्यास तो ‘माझ्या आईसारखी’ असे अचूक उत्तर देतो. म्हणजे चेहऱ्याची ओळख शाबूत आहे. हरवले आहे ते दुसरेच काही.

आपले माणूस समोर आले की ओळखीबरोबरच एक सूक्ष्म भावनिक प्रतिसाद शरीरात उमटतो. त्वचेतील घर्मग्रंथी किंचित उद्दीपित होतात आणि त्वचेची विद्युत्वाहकता वाढते; ही वाढ यंत्राने मोजता येते. एलिस व यंग या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली असे प्रतिपादन केले की काप्ग्रा विकारात चेहरा ओळखण्याचा मार्ग चालू राहतो, परंतु हा भावनिक प्रतिसाद उत्पन्न करणारा मार्ग खंडित होतो. १९९७ साली पाच रुग्णांवर केलेल्या मापनात, परिचित व अपरिचित चेहरे पाहताना त्यांच्या त्वचेच्या प्रतिसादात अपेक्षित फरक आढळला नाही. त्याच वर्षी हर्स्टाइन व रामचंद्रन यांनी वर्णिलेला मस्तकाघाताचा तरुण रुग्ण आईवडिलांना समोर पाहिल्यावर तोतये म्हणत असे, पण दूरध्वनीवर त्यांचा आवाज ऐकताच त्यांना खरे मानीत असे. दृष्टीचा मार्ग तुटला होता, श्रवणाचा शाबूत होता. याच्या उलट, अंध रुग्णाला आवाजावरून असा भ्रम झाल्याचीही नोंद आहे.

तथापि केवळ आपलेपणा हरवल्याने भ्रम होत नाही. मस्तिष्काच्या अग्रभागातील विशिष्ट आघातानंतर काही रुग्णांत हा भावनिक प्रतिसाद नाहीसा होतो, तरी ते घरच्यांना तोतये म्हणत नाहीत. त्यांना वाटते, ‘मला काहीतरी झाले आहे.’ काप्ग्राच्या रुग्णाला वाटते, ‘हिला कोणीतरी बदलले आहे.’ यावरून दोन घटकांचा सिद्धान्त पुढे आला: एक, आपलेपणाची जाणीव लोपणे, आणि दोन, त्या विचित्र अनुभवाचा जो पहिला अर्थ मनात आला तो तपासून नाकारण्याची क्षमता लोपणे.

चरकसंहितेतील उन्मादनिदान येथे स्मरणात येते. मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद, असे तेथे सांगितले आहे. भक्तीचा अर्थ टीकाकार इच्छा असा घेतात. जेथे पूर्वी ओढ होती तेथे ती न राहणे हा भक्तिविभ्रम होय. पहिला घटक भक्तिविभ्रमाशी व दुसरा बुद्धिविभ्रमाशी जुळतो, असे माझे मत आहे. संहितेत हा लक्षणसमूह वर्णिलेला आहे असा दावा मी करीत नाही. जुने ग्रंथ उघडून त्यात प्रत्येक नवा शोध दाखविण्याची सवय आपल्या शास्त्राला फारशी उपकारक ठरलेली नाही. परंतु भक्ती व बुद्धी यांची पृथक् गणना करणाऱ्या आचार्यांच्या दृष्टीने पाहिले तर हा विकार समजणे सोपे जाते, एवढे निश्चित.

कारणांचा विचार थोडक्यात. तरुण व मध्यम वयात हा भ्रम मुख्यतः स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य किंवा उन्मादावस्था यांत दिसतो. मादक द्रव्यांमुळेही संभवतो. वृद्धावस्थेत प्रथमच दिसला तर मस्तिष्काचा ऱ्हास करणारा व्याधी शोधावा लागतो. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ४७ रुग्णांपैकी ३८ जणांत मस्तिष्कऱ्हासाचा व्याधी होता आणि त्यांत लेवी पिंडांचा विकार सर्वाधिक आढळला. शिवाय मस्तकाघात, अपस्मार, मूत्रमार्गाचा संसर्ग, अवटु ग्रंथीचे मांद्य, बी-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता हीही कारणे तपासून पाहावीत.

सर्पगंधेपासून डोपामिनपर्यंत

मनोविकृतिरोधक औषधे आपल्याला सर्वस्वी परकी वाटतात. त्यांच्या इतिहासात मात्र आपल्या एका द्रव्याचा मोठा वाटा आहे. बिहारमध्ये ‘पागल की दवा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्पगंधेवर कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली शोधनिबंध लिहून उन्माद व उच्च रक्तदाब या दोहोंतील तिची उपयुक्तता नोंदविली. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातील क्षारतत्त्वे वेगळी केली. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात रक्तदाबावरील आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे तत्त्व मिळाले. १९५४ साली न्यूयॉर्क राज्यातील नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांत वापरल्याचे अनुभव मांडले.

१९५२ सालीच पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा मनोविकारात उपयोग सुरू झाला. ते अधिक लवकर गुण देणारे ठरल्याने रेसर्पिन मागे पडले. त्यामुळे रक्तदाब फार उतरणे व विषण्णता येणे हेही त्यास कारण झाले. परंतु जाता जाता रेसर्पिनने एक मोठे कार्य केले. स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली दाखविले की रेसर्पिन दिल्याने निश्चेष्ट झालेली जनावरे लेव्होडोपा देताच पुन्हा हालचाल करू लागतात. मस्तिष्कातील डोपामिन या द्रव्याचे महत्त्व यातून कळले. रेसर्पिन डोपामिनचा साठाच रिता करते, तर क्लोरप्रोमाझिन व हॅलोपेरिडॉल डोपामिनचे ग्राहक अडवून धरतात, हा भेद १९६३ पासून स्पष्ट होत गेला. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. वैद्याने हा प्रयोग ध्यानात ठेवावा. पुढे कपिकच्छूविषयी जे लिहिले आहे त्याचे मूळ येथेच आहे.

औषध काय साधते

आज प्रचारात असलेली रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, ॲरिपिप्राझोल, हॅलोपेरिडॉल, क्लोझापिन ही सर्व औषधे कमीअधिक प्रमाणात डोपामिनच्या डी-२ ग्राहकांवर कार्य करतात. यांतील बहुतेक औषधांच्या बाबतीत सुमारे ६५ ते ८० टक्के ग्राहक व्यापले गेले म्हणजे गुण येतो. त्याहून अधिक व्यापले गेल्यास कंप, स्तंभ, अंग आखडणे ही लक्षणे वाढतात. क्वेटियापिन व क्लोझापिन हे या नियमाला अपवाद आहेत. डोपामिनचे ग्राहक न अडविणारे एक औषधही २०२४ साली अमेरिकेत मान्य झाले आहे.

डोपामिन हे मनाला ‘इकडे लक्ष दे, हे महत्त्वाचे आहे’ अशी सूचना देणारे द्रव्य आहे, असे आज मानले जाते. ते अवेळी व अतिप्रमाणात सुटू लागले की क्षुल्लक गोष्टींनाही गूढ महत्त्व येते. आईच्या हातातील पेला नेहमीपेक्षा वेगळ्या जागी ठेवला गेला, हाही रुग्णाला पुरावा वाटतो. शितिज कपूर यांनी २००३ साली ही उपपत्ती मांडली. औषधाने या खोट्या महत्त्वाची धार बोथट होते. भ्रम एका रात्रीत पुसला जात नाही. प्रथम रुग्ण त्याविषयी कमी बोलतो, मग त्यावरून भांडत नाही, मग त्यालाच शंका येऊ लागते. काही गुण पहिल्या दोन आठवड्यांत दिसतो, पुरेसा गुण येण्यास चार ते सहा आठवडे लागतात.

दोन घटकांच्या भाषेत बोलावयाचे तर औषध मुख्यतः दुसऱ्या घटकावर कार्य करीत असावे. हरवलेला आपलेपणा गोळीने लगेच परत येईलच असे नाही. म्हणून भ्रम निवळल्यानंतरही रुग्ण आईशी कोरडेपणाने वागतो आणि घरचे म्हणतात, ‘औषधाचा उपयोग नाही, अजून प्रेमाने बोलत नाही.’ औषध बंद होण्याचे हे एक कारण असते. नातेवाइकांना हे आधीच समजावून सांगितले पाहिजे.

केवळ या एका भ्रमावर मोठ्या प्रमाणावरील तुलनात्मक प्रयोग झालेले नाहीत. जे ज्ञान आहे ते एकेका रुग्णाच्या वृत्तान्तांवर आणि मूळ व्याधीवरील पुराव्यावर आधारलेले आहे. चिकित्सा मूळ व्याधीची होते: स्किझोफ्रेनियात मनोविकृतिरोधक औषध, तीव्र नैराश्यात त्यासोबत अवसादरोधक औषध, संसर्गात संसर्गाची चिकित्सा.

औषध देणारा हात

या विकारातील एक अडचण अन्य भ्रमांत इतकी तीव्र नसते. औषध घरी जी व्यक्ती देणार, तीच रुग्णाच्या दृष्टीने तोतया असते. तिच्या हातची गोळी त्याला विष वाटते.

काही वर्षांपूर्वी २९ वर्षांची एक अविवाहित रुग्णा अरुची व कार्श्य या तक्रारींसाठी तिच्या मामांनी माझ्याकडे आणली. तीन महिन्यांत वजन सात किलोने उतरले होते. जिव्हा साम नव्हती, उदरपरीक्षण प्राकृत होते, भूक लागते असे ती स्वतःच सांगत होती. आहाराचा तपशील विचारता कळले की ती केळी, संत्री व दुकानातील बंद पुड्यातील बिस्किटे एवढेच खाते. सालीची फळे आणि बंद पुडा, याचा अर्थ कोणी हात न लावलेले अन्न. घरात स्वयंपाक कोण करते, असे विचारताच तिने दाराकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाली, ‘बाहेर बसली आहे ती आई नाही. मामांना पण अजून कळलेलं नाही.’

अशा वेळी वाद घालू नये आणि दुजोराही देऊ नये. ‘तुम्हाला तसे वाटते आहे, त्यामुळे जेवण जात नाही, झोप नाही, हा त्रास खरा आहे आणि त्यावर उपाय करू’ एवढे म्हणणे पुरते. आईने ‘मीच तुझी आई’ म्हणून जुनी छायाचित्रे, जन्माच्या आठवणी पुढे केल्याने भ्रम दृढ होतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मनोविकारतज्ज्ञांशी त्याच दिवशी बोलून मी रुग्णेस पाठविले. मामांवर तिचा विश्वास होता, म्हणून रिस्पेरिडोन रोज मामांच्या हातून, तिच्यादेखत नव्या पाकिटातून काढून देण्याची व्यवस्था झाली. तीन आठवड्यांनी ती घरचा वरणभात खाऊ लागली. सहा आठवड्यांनी म्हणाली, ‘आईच असावी. पण मध्ये काहीतरी झालं होतं, एवढं खरं.’

ज्यांच्या घरी असे मामा नसतात त्यांच्यासाठी दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने देण्याचे दीर्घकाळ टिकणारे सूचिकाभरण उपलब्ध आहे. जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्याही मिळतात. अन्नात लपवून औषध देण्याचा मार्ग मात्र येथे विशेष घातक आहे. रुग्णाच्या लक्षात आले तर त्याच्या विषशंकेला कायमचा पुरावा मिळतो.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट स्पष्टपणे विचारली पाहिजे: ‘खरी आई कुठे आहे असे तुम्हाला वाटते? हिच्याबाबत काय करावे असे मनात येते?’ तोतयाने खऱ्या माणसाला डांबून ठेवले आहे किंवा मारले आहे अशी समजूत असेल, तर रुग्ण त्या व्यक्तीवर हल्ला करू शकतो. असे प्रसंग वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहेत. बहुसंख्य रुग्ण हिंसक नसतात, परंतु येथे धोका कोणाला आहे हे आधीच ठाऊक असते. त्या व्यक्तीने रात्री रुग्णाच्या खोलीत एकटे झोपू नये, विळी-कोयते हाताशी नसावेत, हे सांगण्यास संकोच करू नये.

आपली द्रव्ये, आपली कर्मे

वरील रुग्णा चार महिन्यांनी पुन्हा आली. या खेपेस आर्तवनाश व हातांचा कंप यांसाठी. घरच्यांची विनंती होती की कंपावर काही चूर्ण द्यावे. येथे प्रत्येक वैद्याने थांबावे. रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन वाढून आर्तव बंद होऊ शकते, आणि डोपामिन अडविले गेल्याने कंप येतो. म्हणजे दोन्ही लक्षणे औषधजन्य होती. तज्ज्ञांना कळविल्यावर त्यांनी प्रोलॅक्टिन तपासून औषध टप्प्याटप्प्याने बदलले, आणि दोन्ही तक्रारी शमल्या.

हाच कंप ‘कंपवात’ समजून कपिकच्छूबीज दिले तर काय होईल? कपिकच्छूबीजांत साधारणतः ४ ते ६ टक्के लेव्होडोपा असते. २००४ साली लंडनमधील अभ्यासात पार्किन्सनच्या आठ रुग्णांना ३० ग्रॅम कपिकच्छू दिल्यावर त्याचे कार्य प्रमाणित लेव्होडोपापेक्षाही लवकर सुरू झाले. अशा वीर्यवान द्रव्याने मस्तिष्कात डोपामिन वाढते, आणि एका हाताने औषध जे अडविते ते आपण दुसऱ्या हाताने पुरवितो. परिणामी भ्रम उलटू शकतो. वाजीकरणाच्या किंवा बल्य म्हणून घेतल्या जाणाऱ्या अनेक योगांत कपिकच्छू असते; रुग्णाकडील प्रत्येक डब्यावरील घटक वाचावेत.

सर्पगंधेचा इतिहास गौरवाचा असला, तरी मनोविकृतिरोधक औषध चालू असताना सर्पगंधायुक्त वटी जोडीला देऊ नये. रक्तदाब उतरणे, अतिनिद्रा, कंप व विषण्णता ही सर्व दोहोंमुळे मिळून वाढतात. उन्मादगजकेसरीसारख्या ज्या योगांत धत्तूरबीज आहे ते वृद्धांत व स्मृतिभ्रंशात टाळावेत. धत्तूरातील तत्त्वांनी संभ्रम वाढतो आणि ओळखीचा घोटाळा नव्याने उत्पन्न होऊ शकतो.

कर्मांविषयी अधिक सावध राहावे लागते, कारण त्यांचा औषधाशी संबंध आहे हे चटकन सुचत नाही. क्लोरप्रोमाझिनसारख्या औषधांनी घाम येण्याची व शरीराचे तापमान सांभाळण्याची शक्ती मंदावते. अशा रुग्णास पेटीस्वेद दिल्यास, विशेषतः चैत्र-वैशाखात, उष्माघाताचा धोका असतो. मनोविकृतिरोधक औषधासोबत लिथियम चालू असेल तर विरेचन व वमन यांनी होणाऱ्या जलक्षयाने लिथियमची रक्तातील मात्रा विषारी पातळीवर जाऊ शकते. क्लोझापिनने तीव्र मलावरोध होतो व तो क्वचित प्राणघातक ठरतो. तो साधा कोष्ठबद्धतेचा विषय नव्हे. ओलान्झापिनवरील रुग्णाचे वजन, रक्तशर्करा व मेद वाढतात. त्यास कल्याणक घृतासारखा स्नेह दीर्घकाळ देण्यापूर्वी या तिन्ही गोष्टी मोजाव्यात. ब्राह्मी, शंखपुष्पी, शिरोधारा, निद्रेची व आहाराची घडी बसविणे, सत्त्वावजय यांना सहायक म्हणून स्थान आहे असे माझे मत आहे; परंतु दृढ झालेला भ्रम केवळ त्यांवर सोपविणे योग्य नाही.

दोन आत्ययिक अवस्था लक्षात ठेवाव्यात. औषध सुरू झाल्यापासून पहिल्या काही दिवसांत मान एका बाजूस वळणे, डोळे वर फिरून तेथेच स्थिर होणे, जीभ बाहेर ओढली जाणे अशी लक्षणे दिसली तर ती औषधजन्य आहेत. गावात ती ‘अंगात आले’ म्हणून समजली जातात; रुग्णालयात एका सूचिकाभरणाने थोड्याच वेळात शमतात. दुसरी अवस्था अधिक भयंकर: तीव्र ज्वर, सर्वांगाचा काष्ठवत् स्तंभ, घाम, नाडीची अस्थिरता आणि मंदावलेली शुद्ध. हा ज्वर ज्वरघ्न द्रव्यांनी उतरण्याची वाट पाहू नये. रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

‘आता बरे वाटते, मग या गोळ्या सोडून तुमचे काही सुरू करू का?’ हा प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर एकच आहे: औषध सुरू करणाऱ्या तज्ज्ञाशी बोलल्याशिवाय एकही गोळी कमी करावयाची नाही. पहिल्या वेगानंतरही निदान एक-दोन वर्षे औषध चालू ठेवण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. क्लोझापिन तर ४८ तासांहून अधिक खंड पडल्यास पूर्वीच्या मात्रेत पुन्हा घेता येत नाही. अगदी अल्प मात्रेपासून आरंभ करावा लागतो.

वृद्ध रुग्णाची वेगळी वाट

सत्तरीतील गृहस्थ पत्नीला तोतया म्हणू लागले, त्यांना घरात लहान मुले किंवा प्राणी दिसतात, चाल मंदावली आहे, हात ताठरले आहेत आणि शुद्धीत दिवसादिवसाला चढउतार होतात, असे चित्र असेल तर लेवी पिंडांच्या स्मृतिभ्रंशाचा संशय घ्यावा. येथे हॅलोपेरिडॉलसारखे औषध स्वतःच संकट बनते. अशा रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांत मनोविकृतिरोधक औषधाने गंभीर प्रतिक्रिया आल्याचे ब्रिटनमधील १९९२ च्या अभ्यासात दिसले: स्तंभ एकाएकी वाढतो, रुग्ण अंथरुणास खिळतो, मृत्यूही संभवतो. म्हणून तज्ज्ञ प्रथम कंपावरील औषधांची मात्रा तपासतात, डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्मिन देऊन पाहतात आणि अगदीच अटळ झाल्यास क्वेटियापिनसारखे औषध अल्प मात्रेत योजतात. कोणत्याही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात ही औषधे जपून वापरावी लागतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिलेल्या इशाऱ्यानुसार सुमारे दहा आठवड्यांच्या प्रयोगांत औषध घेणाऱ्या वृद्धांत मृत्यूचे प्रमाण ४.५ टक्के, तर न घेणाऱ्यांत २.६ टक्के होते.

याच रुग्णास कंपवातासाठी आपल्याकडून कपिकच्छू चालू असेल तर तेच भ्रमाचे निमित्त ठरलेले असू शकते. ती माहिती तज्ज्ञाला आपल्याखेरीज दुसरे कोणी देणार नाही.

पाठवणी

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा मे २०१८ पासून अमलात आहे. मानसरोग विषयात आयुर्वेदाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या वैद्याचा त्यातील मानसिक आरोग्य व्यावसायिकांत समावेश आहे, केवळ बी.ए.एम.एस. पदवीने तो दर्जा मिळत नाही. या कायद्यान्वये प्रौढ रुग्ण आपला नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः लेखी नेमू शकतो. आपल्या रुग्णाच्या बाबतीत ज्याला तो तोतया मानीत नाही असा नातलग त्या कामी सुचविणे व्यवहार्य ठरते. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतूनही निःशुल्क सल्ला मिळतो.

रुग्णाला पाठविताना सोबतच्या पत्रात पुढील गोष्टी लिहाव्यात: भ्रम कोणाविषयी आहे व कधीपासून आहे, रुग्णाने त्या व्यक्तीस इजा करण्याचे बोलून दाखविले आहे काय, अन्नावर संशय आहे काय, घरात कोणावर विश्वास आहे, आणि गेल्या तीन महिन्यांत आपण दिलेले प्रत्येक औषध, योगाच्या नावासह व त्यातील मुख्य घटकांसह. ‘आयुर्वेदिक औषध चालू आहे’ एवढ्या चार शब्दांनी समोरच्या तज्ज्ञाला काहीच कळत नाही.